कळमनुरी, जि. परभणी

आमच्या कळमनुरीत जुन्या घरांच्या लोखंडी कपाटात, लॉकरच्या तळाशी तीन गोष्टी हमखास सापडतात : १९५४ च्या खासरा पत्रकाची नक्कल, सोनाराकडून सोडवून आणलेलं डोरलं आणि लग्नाची व्हिडिओ कॅसेट. पहिल्या दोन अडीनडीला बाहेर निघतात. कॅसेट निघत नाही. निघाली तरी लावायची कशात? जपानच्या फुनाई कंपनीनं जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, त्यानंतर नवा व्हीसीआर जगात कुठंच तयार होईना. पण त्याच्या कितीतरी आधी आमच्या व्हीसीआरमध्ये पालीचा संसार सुरू झाला होता.

ताईची कॅसेट बाहेर निघाली ती भाच्यामुळे. भाचा पुण्याला हिंजवडीत असतो. आईबापाच्या लग्नाला तीस वर्षं होतात म्हटल्यावर त्याच्या डोक्यात आलं, जुन्या शूटिंगची झकास एडिटिंग करून दीड तासाचा पिक्चर बनवावा आणि सगळ्या सोयऱ्यांना बसवून दाखवावा. कॅसेट हातात घेतल्याबरोबर त्यानं चूक काढली. वरच्या चिठ्ठीवर लाल स्केचपेननं लिहिलं होतं, ‘शुभविवाह, मु. पो. कळमनुरी, जि. परभणी.’

“मामा, जिल्हा चुकलाय.”

चुकला नव्हता. लग्न १९९४ चं आणि हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. तोवर आम्ही परभणीचे होतो. हे भाच्याला पटवेपर्यंत चहा निवला, कारण आपली आई एका जिल्ह्यात नवरी झाली आणि त्याच घरात बसून दुसऱ्या जिल्ह्यात माहेरपणाला येते, हे त्याच्या हिशेबात बसेना.

एवढ्यात अण्णांनी कॅसेटचं झाकण उचललं आणि आतली पट्टी खिडकीच्या उजेडासमोर धरली. अण्णा म्हणजे माझे चुलते, निवृत्त तलाठी. कुठलीही वस्तू उजेडासमोर धरून पाहिल्याशिवाय ते खरी मानत नाहीत.

“कायीच दिसू नाही लालं,” ते म्हणाले.

दिसणार नव्हतंच. आपल्याकडं हौसेनं कॅमेरा हातात घेणाऱ्यांचे मूळपुरुष सावे दादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. त्यांनी १८९९ मध्ये मुंबईला हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली आणि १९०१ मध्ये, केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजप्यांचं स्वागत टिपलं. पण ती फिल्म होती. फिल्म उजेडासमोर धरली की पैलवान दिसतो. बोटाएवढा दिसतो, पण दिसतो. व्हीएचएसची पट्टी म्हणजे अर्धा इंच रुंदीचं प्लॅस्टिक आणि त्यावर लेपलेली लोहाच्या ऑक्साइडची, म्हणजे शुद्ध मराठीत गंजाची, पूड. ताई, दाजी, घोडा, बँडवाले, सगळे त्या पुडीत चुंबकाच्या खुणा होऊन बसलेले. यंत्र असेल तर लग्न आहे, नसेल तर गंज आहे.

म्हणून मी आणि भाचा नांदेडला गेलो. वाटेत वारंगा फाट्यावर खिचडी खाल्ली, ती न खाता त्या रस्त्यानं जाणं आमच्याकडं बरं दिसत नाही. दुकानदारानं कॅसेट हलवून पाहिली, कानाजवळ नेली, आणि ज्या प्रश्नानं आमच्या घरात पुढं महिनाभर राजकारण पेटलं तो प्रश्न विचारला : “कशात करून देऊ?”

एमपीफोर आहे, एमओव्ही आहे, डीव्हीडी आहे, आणि एव्हीआय पाहिजे असेल तर पैसे जास्त पडतील, कारण जागा जास्त खातं. भाच्यानं ताबडतोब सांगितलं, “एच.२६५, लेटेस्ट.” मी म्हणालो, जे आमच्या टीव्हीच्या मागं पेनड्राइव्ह खुपसल्यावर चालेल ते. दाजींना फोन लावला, ते म्हणाले, “सगळ्यात भारी जे असंल ते कर, पैशाचं पाहू मंग.” ताईनं फोन हिसकावून घेतला आणि म्हणाली, “ज्याच्यात मी बारीक दिसंन ते.” दुकानदार अनुभवी माणूस. त्यानं कॅसेट परत दिली आणि म्हणाला, घरी एकदा ठरवून या.

गंमत अशी की, यातल्या निम्म्या लोकांना (मीही त्यात) आपण काय मागतोय हेच माहीत नव्हतं. एमपीफोर, एमओव्ही, एव्हीआय ही वरच्या वेष्टनाची नावं. आत चित्र कुठल्या पद्धतीनं दाबून भरलंय, त्याचा या नावांवरून नीटसा पत्ता लागत नाही. एकाच एव्हीआय नावाखाली डीव्हीही निघतो आणि कुठल्या तरी जुन्या, बंद पडलेल्या पद्धतीचा भंगारही निघतो. खरी निवड आतल्या मालाची असते. ती समजावून सांगायची जबाबदारी भाच्यावर आली, आणि समोर श्रोते म्हणून अण्णा.

भाच्यानं उरलेल्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर चौकोन काढले. म्हणाला, व्हीसीडीतला एमपीईजी-१, डीव्हीडीतला एमपीईजी-२ आणि २००३ साली आलेला एच.२६४, हे सगळे एका घराण्यातले. ते प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाहीत. मधूनमधून एक चित्र पूर्ण ठेवतात आणि त्यानंतर फक्त काय बदललं तेवढंच लिहितात. मागचा मांडव हलला नाही ना, मग तो पुन्हा कशाला लिहायचा? नवरदेवाचा हात हलला, तेवढा हात लिहायचा. म्हणून फाइल लहान होते.

“म्हंजे फेरफार,” अण्णा म्हणाले.

भाचा थांबला.

“मूळ खासरा चोपन्नचा. त्याच्यानंतर दरसाल कोणी नवा खासरा लिहीत बसत न्हाई. वाटणी झाली, फेरफार. विक्री झाली, फेरफार. आज मालक कोण ते काढायचं तर चोपन्नपासून एकेक फेरफार वाचत खाली यायचं.”

“अगदी तेच, आजोबा. आणि एडिटिंग करताना मधेच कापायचं म्हटलं की कॉम्प्युटरला आधी मागच्या पूर्ण चित्रापर्यंत जावं लागतं आणि तिथून हिशेब करत खाली यावं लागतं. म्हणून तो अडकतो, गरम होतो.”

“गरम व्हतोच माणूस. अन् मधला एखादा फेरफार फाटला तर?”

“तर पुढचं सगळं चित्र बिघडतं. चौकोन चौकोन दिसतात. पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत नवरीच्या तोंडावर घोड्याचं शेपूट राहतं.”

अण्णांना यात नवल वाटलं नाही. भाच्यानं आणखी सांगितलं की, या पद्धतीत काही चित्रं तर नुसत्या मागच्या चित्राच्या नव्हे, अजून न आलेल्या पुढच्या चित्राच्याही आधारानं लिहिलेली असतात.

“तसेबी फेरफार झालेत आपल्या तालुक्यात,” अण्णा म्हणाले. “त्याची चौकशी चालू हाये.”

याउलट १९९५ च्या सुमारास आलेला डीव्ही. त्यात सेकंदाला पंचवीस चित्रं आणि पंचवीसच्या पंचवीस स्वतंत्र, प्रत्येकाचा वेगळा उतारा. कुठंही कापा, मागं पाहायला नको. किंमत एवढीच की तासाला सुमारे १३ जीबी जागा जाते. ताईची तीन तासांची कॅसेट म्हणजे ३९ जीबी झाली. भाच्याचा जीव वरखाली झाला. अण्णांचा निकाल मात्र तिथल्या तिथं : “जागा जाऊ दे. नोंद पूर्ण पाहिजे.”

माझं मत विचाराल तर, फॉरमॅटवर या काळात जेवढं लिहिलं-बोललं गेलंय त्यात अण्णांच्या या वाक्याच्या पुढं फारसं काही नाही. पण घरातलं एकमत एवढ्या स्वस्तात होत नसतं. कारण कॅसेटमध्ये काय आहे ते, नमुन्याला थोडी उतरवून आणेपर्यंत, कुणी नीट पाहिलंच नव्हतं.

आतलं शूटिंग समजायला तो काळ डोळ्यांपुढं आणावा लागेल. शूटिंगवाला म्हणजे लग्नातला नवरदेवाखालोखाल मानाचा माणूस. वरबापाला पाणी मिळालं नाही तरी चालेल, शूटिंगवाल्याला थम्सअप. खांद्यावर धोंड्याएवढा कॅमेरा आणि बरोबर हॅलोजनचा दिवा धरणारं एक घामेजलेलं पोरगं. तो उजेड अंगावर पडला की माणसं जिथं आहेत तिथं गोठायची. पंगतीत घास तोंडाशी नेलेला पाहुणा घास तसाच धरून बसायचा. आज्ज्या पदर सावरून, हात मांडीवर ठेवून, पापणीही न हलवता समोर बघत राहायच्या, कारण त्यांच्या समजुतीनं हा फोटोच होता, नुसता जरा जास्त वेळ चाललेला. एमपीईजीला याहून आदर्श माणसं जगात कुठं मिळणार नाहीत. मिनिटभर बघा, काडीचा फेरफार नाही.

पुढची पायरी म्हणजे मिक्सिंग. शूटिंगवाला मूळ कॅसेट शहरात न्यायचा आणि तिथं बदामाच्या आकारातून नवरी उगवायची, गुलाबात नवरदेव फिरायचा, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत मूळ आवाज पुसून वर हिंदी गाणी घातली जायची. मंगलाष्टकं म्हणणाऱ्या भटजींचं तोंड हलायचं आणि त्यातून पार्श्वगायिकेचा आवाज यायचा. मिक्सिंग झालं की मूळ कॅसेटवर शूटिंगवाला पुढच्या आठवड्यातलं दुसऱ्याचं लग्न घ्यायचा. अशी मराठवाड्यातली किती लग्नं दुसऱ्या लग्नांच्या खाली गेली असतील, ते त्या पट्ट्यांनाच ठाऊक.

ताईची कॅसेट वाचली ती भांडणामुळे. मिक्सिंगचे पैसे पोरीकडच्यांनी द्यायचे की पोराकडच्यांनी, यावर दोन्ही व्याह्यांचं शेवटपर्यंत जमलं नाही. शूटिंगवाला कंटाळला आणि मूळ कॅसेट आमच्या ओट्यावर टाकून गेला. त्यामुळे ताईच्या लग्नाचा आवाज ताईच्याच लग्नाचा आहे. मानपानाच्या रुसव्यानं ऐतिहासिक दस्तऐवज वाचल्याचं हे मला माहीत असलेलं एकमेव उदाहरण.

पण एवढ्यानं भागलं असतं तर! लग्नाला न्यू जर्सीचे मामा आले होते आणि त्यांनी आपल्या अमेरिकी हँडीकॅमवर वेगळं शूटिंग केलं होतं. त्यांच्या पोरानं ते तिकडून पाठवून दिलं. आपल्याकडचा व्हिडिओ पाल पद्धतीचा : ६२५ रेघा, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिकेचा एनटीएससी : ५२५ रेघा, आणि चित्रं सेकंदाला २९.९७. तीस नाही. १९५३ मध्ये त्यांनी काळ्यापांढऱ्या टीव्हीत रंग घुसवला, तेव्हा रंगाचा संकेत आणि आवाजाचा संकेत एकमेकांना धडकू नयेत म्हणून हजारात एक भाग वेग कमी केला. आपण आहेराच्या पाकिटात वरून एक रुपया घालतो, त्यांनी तीन पैसे काढून घेतले. आणि तेव्हापासून जगभरची एडिटिंग करणारी माणसं त्या तीन पैशांचा हिशेब जुळवत बसली आहेत. दोन्ही शूटिंगं एका पिक्चरमध्ये बसवायची तर अमेरिकेकडची सेकंदाला जवळजवळ पाच चित्रं कमी करावी लागतात. नुसती उचलून फेकली तर वरात ठेचकाळत चालते. एकात एक मिसळली तर प्रत्येक वऱ्हाड्याच्या मागं त्याचं भूत चालतं. शिवाय त्यांचा कॅमेरा ६० हर्ट्झच्या विजेला सरावलेला आणि आपली वीज ५० हर्ट्झची (असते तेव्हा), त्यामुळे मामांच्या शूटिंगमध्ये मांडवातल्या ट्यूबलाइटी अखंड लुकलुकतात. मामांनी तेव्हा एमएसईबीला दोष दिला होता. यात तिचा दोष नव्हता, ही नोंद घ्यायला हवी. अशी संधी वारंवार येत नाही.

दुसरा घोळ रेघांचा. पालमधलं एक चित्र दोन अर्ध्यांनी बनतं, आधी एकाआड एक रेघा आणि एक पन्नासांश सेकंदानं उरलेल्या. जुन्या टीव्हीला ते चालायचं. नव्या पडद्यावर हात जोरात हलला की हाताला कंगव्याचे दात फुटतात. या अर्ध्यांचा क्रमही फॉरमॅटगणिक बदलतो : डीव्हीमध्ये खालची रेघ आधी, इतर बऱ्याच ठिकाणी वरची. भाच्याच्या पहिल्या प्रयोगात हा क्रम उलटा बसला आणि पडद्यावर प्रत्येक माणूस दोन पावलं पुढं, एक पाऊल मागं जाऊ लागला. वरातीतल्या नाचात मात्र कुणाला काही फरक जाणवला नाही. उलट दाजींचा धाकटा भाऊ म्हणाला, “मी तवा लई भारी नाचायचो रे.”

मग रुंदी. जुना टीव्ही चारास तीन, आताचा सोळास नऊ. दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या सोडल्या की लोकांना वाटतं टीव्ही बिघडला. भाच्यानं पडदाभर ताणून दाखवलं. या ताणण्यात प्रत्येक माणूस एक तृतीयांशानं रुंद होतो, हे साधं गणित आहे. ताईनं गणिताला हात घातला नाही. तिनं रिमोट हिसकावून घेतला. “तवा माझं वजन बेचाळीस किलो व्हतं,” ती म्हणाली, आणि काळ्या पट्ट्यांचा ठराव एकमतानं मंजूर झाला.

रंगाचं वेगळंच. व्हीएचएसमध्ये रंगाला फार कमी जागा असते, त्यात लाल तर कुंपणात राहतच नाही. नवरीचा शालू नवरीच्या बाहेर दोन बोटं पसरलेला. हळदीचा कार्यक्रम पाहिला तर नवरी, करवल्या, पाट आणि भिंत यांची हद्दच कळत नाही. आमच्या हळदीच्या मुलखाला ते शोभलं, एवढंच. अशा चित्राला एच.२६५ मध्ये नाहीतर फोर-केमध्ये घालणं म्हणजे निव्वळ थाट. कॅसेटमध्ये आडवा तपशील जेमतेम अडीचशे रेघांचा. तो चार पट मोठा करून कुणाचं नाक स्पष्ट होत नाही.

मात्र हल्ली नाक तयार करून मिळतं. भाच्यानं कुठल्याशा ॲपमध्ये एक तुकडा टाकला. त्या ॲपनं चित्र लख्ख केलं आणि आमच्या आज्जीला, जिच्या तोंडात १९८९ पासून एकही दात नव्हता, तिला पांढरीशुभ्र बत्तिशी बसवून दिली. आज्जी हसत होती आणि घरात कुणी तिला ओळखेना. काकू तेवढ्या म्हणाल्या, “बरी दिसू लालीय की.”

दाजींच्या घराण्याला हा सगळा उद्योगच मान्य नव्हता, कारण त्यांच्याकडं आधीपासून व्हीसीडी होती, पूर्वी कधीतरी कॅसेटच्या कॉपीवरून केलेली. व्हीसीडी म्हणजे ३५२ गुणिले २८८ ठिपके. पूर्ण पालचे ७२० गुणिले ५७६. गुणाकार करून पाहा, चारातला एक हिस्सा राहतो. म्हणजे आधीच धूसर असलेल्या पाहुण्यांचे तीन हिस्से कायमचे गेले. शिवाय एका सीडीत ७४ मिनिटं मावतात, आणि तिथं बरोबर अंतरपाट धरलेला होता. पहिली सीडी अंतरपाटावर संपते. दुसरी सापडत नाही. त्या घराण्याच्या उपलब्ध नोंदींनुसार दाजींचं लग्न अजून लागलेलं नाही.

शेवटी अण्णांच्या अध्यक्षतेखाली ठरलं. दुकानातून डीव्ही घ्यायचं, रेघा जशा आहेत तशा, न ताणता, न लख्ख करता. ती मूळ नोंद. तिला हात लावायचा नाही, दोन हार्डडिस्क, दोन घरं. एडिटिंग तिच्या नकलेवर. आणि सोयऱ्यांना वाटायला एच.२६४ चा एमपीफोर, तो जवळजवळ कुठल्याही स्मार्टफोनवर, टीव्हीवर चालतो आणि व्हॉट्सॲपनं त्याचं मातेरं केलं तरी मूळ शाबूत राहतं. संग्रहालयवाले याहून कडक असतात. ते काहीच न गमावणारा एफएफव्ही-१ वापरतात. न दाबलेला पाल व्हिडिओ तासाला ७५ जीबीच्या आसपास जातो, एफएफव्ही-१ त्याला बराच आवळतो आणि एक ठिपकाही सोडत नाही. आम्ही म्हटलं, घरच्या लग्नाला एवढं कशाला?

ते मत चार दिवस टिकलं. कारण भाचा अंधारापाशी पोचला.

जेवणावळीच्या वेळी लाइट गेली होती. हॅलोजन विझला, पण कॅमेरा बॅटरीवर होता आणि शूटिंगवाला तो बंद करायला विसरला. पडदा काळाकुट्ट, आवाज मात्र सगळा. भाचा म्हणाला, ब्लॅक स्क्रीन आहे, उडवतो. त्यानं कापायच्या आधी सहज आवाज वाढवला. भांडी वाजली, कुणीतरी “गॅसबत्ती आणा, गॅसबत्ती” ओरडलं, एक पोरगं रडलं, आणि मग अगदी माइकजवळ एक बाई हळूच म्हणाली, “ती समई उचल, माझ्या ट्रंकीत टाक पटकन.”

रुखवतातली पितळी समई! ती लग्नाच्या दिवशी गायब झाली, आणि मावशी आणि काकू तेव्हापासून एका पंगतीला बसलेल्या नाहीत. दोघींचा एकमेकींवर संशय.

भाच्यानं तो तुकडा ग्रुपवर टाकला, हे त्याच्या वयाला धरून झालं. आवाज दबून दबून असा झाला की मावशीच्या माणसांना त्यात काकू ऐकू आल्या आणि काकूंच्या माणसांना मावशी. दोन्ही बाजूंनी मूळ नोंदीची मागणी झाली. डीव्हीतला आवाज दाबलेला नसतो हे भाचा सांगत राहिला, पण ठरवताना ‘एवढं कशाला’ म्हणणारे लोक आता एफएफव्ही-१ शिवाय ऐकायला तयार नव्हते. दाजींनी स्वखर्चानं कॅसेट पुन्हा नांदेडला पाठवली. अण्णांनी तर व्हीसीआरपासून हार्डडिस्कपर्यंत प्रत्येक टप्प्याचा पंचनामा करून खाली साक्षीदारांच्या सह्या घेतल्या.

तीस वर्षांचा पिक्चर अजून तयार व्हायचाय. अंधाराची पंधरा मिनिटं मात्र डीव्ही, एफएफव्ही-१, एमपीफोर आणि मावशीच्या साध्या फोनसाठी एमपीथ्री, अशा चारही प्रकारांत प्रत्येक घरी पोचली आहेत. परवा भाचा पुण्याला निघाला, तेव्हा काकूंनी त्याला ओसरीवरून बाजूला घेतलं, हातावर पाचशेची नोट ठेवली आणि विचारलं, “त्या ॲपनं आज्जीला दात बसवले न्हाई का, त्याच्यात आवाजबी बदलता येतो का रे, बाबू?”